तुझं किती?

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी तेलुगू शिकलो. शिकलो म्हणजे काय, एका शंभरपानी वहीत शे-दीडशे शब्द देवनागरीत उतरवून घेतले आणि त्यातून दोन वाक्यं कशीबशी जुळवली. सगळा जन्म सोलापुरात गेला, आमच्या गल्लीच्या पलीकडची अख्खी गल्ली तेलुगू बोलते, तरी तोपर्यंत मला 'रा' म्हणजे ये आणि 'पो' म्हणजे जा, यापुढे काही येत नव्हतं. गरजच पडली नाही, कारण समोरचा माणूस माझ्याशी मराठीत बोलायचा. तो बोलायचा बंद झाला म्हणून मला शिकावं लागलं. त्याला एक गोष्ट सांगायची होती. ती सांगितल्याशिवाय मला घास गिळवत नव्हता, आणि मराठीत सांगून काही उपयोग नव्हता.

तो म्हणजे माझा तीस वर्षांपासूनचा मित्र. घरामागच्या शेडमध्ये त्याचे टॉवेलचे आठ यंत्रमाग होते, म्हणून मी त्याला मालक म्हणायचो. तो मला मीटरवाला म्हणायचा. मी साखर कारखान्यात बॉयलरवर इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. प्रेशर किती, तापमान किती हे दाखवणारे काटे खरं बोलतात की खोटं, एवढंच बघायचं माझं काम. काटा उड्या मारायला लागला की लोक बॉयलरकडे धावतात. मी म्हणायचो, गाढवांनो, आधी काटा तपासा. दहातल्या नऊ वेळा काट्यातच खोट निघायची. आणि माझा दुसरा नियम म्हणजे, काढलेल्या प्रत्येक मीटरला चिठ्ठी लावायची, कुठून काढला, कुठे बसवायचा. चिठ्ठीशिवाय मीटर टेबलावर दिसला की माझं डोकं फिरायचं. त्यापायी मी भल्याभल्यांना उभं-आडवं सोललंय. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनीसुद्धा भाषणात तेच सांगितलं, आणि मी मोठ्या अभिमानाने हसलो होतो.

निवृत्त झालो त्याच वर्षी माझ्या हृदयात स्टेंटची जाळी बसली. डॉक्टर भला माणूस. सायकल चालवा म्हणाला, पण ठोके मिनिटाला एकशे पंधराच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. वर एक गोळी दिली, ती ठोक्यांना लगाम घालते, तुम्ही कितीही जोर लावा. बायकोने अट घातली की परत आल्यावर तिला आकडा दाखवायचा, नाहीतर सायकल विकून टाकते. पुण्याहून मुलाने घड्याळ पाठवलं. ते बघून मालकाने हुबेहूब तसंच मागवलं. त्याला काही आजार नव्हता. मी म्हटलं, तुला कशाला रे? तर म्हणे, तू एकटाच आकडे बघत बसशील आणि मी काय तुझ्या तोंडाकडे बघू?

आठवड्यातून तीनदा आम्ही पहाटे निघायचो. तुळजापूर रोडने हिप्परग्याच्या तलावापर्यंत जायचं, अंगात असेल तर आणखी पुढे, तलावाजवळच्या टपरीवर चहा घ्यायचा आणि ऊन तापायच्या आत घरी. अशोक चौकात सकाळचे माग सुरू झालेले असायचे. मालक जाता जाता आवाजावरून सांगायचा, याचा धोटा नीट पळत नाहीये, त्याचा पट्टा सैल आहे. मी म्हणायचो, गप सायकल चालव.

घड्याळाने पहिल्या आठवड्यातच मला घोळात घेतलं. मनगटाखाली त्याचा हिरवा दिवा लुकलुकतो आणि त्यावरून ते ठोके मोजतं. सपाट रस्त्यावर आकडा ऐंशी, पाय जोरात मारले की ऐंशीचा नव्वद, आणि उतारावर पाय थांबवले की एकदम साठ. मला संशय आला. मी मुद्दाम चढावर जड गिअर टाकून पाय हळू मारले. छाती भात्यासारखी चाललेली आणि घड्याळ दाखवतंय पासष्ट! म्हणजे ते माझे ठोके मोजतच नव्हतं, माझे पाय मोजत होतं. सायकलच्या दांडीतून येणारे धक्के त्याला ठोके वाटत होते. मालकाला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला सायकल थांबवावी लागली.

मग आम्ही छातीवर बांधायचे पट्टे मागवले, दोघांनी एकसारखे. कापडी पट्टा, आतल्या बाजूला रबरासारखे दोन गुळगुळीत तुकडे, आणि पुढे दोन बटणांवर टचकन बसणारी काळी डबी, बिस्किटाएवढी. डबी ठोके घेते आणि आपल्या घड्याळाला कळवते. एकदा जोडी जमवून दिली की ते घड्याळ फक्त त्याच डबीचं ऐकतं, दुसरीचं नाही. हे मला पक्कं माहीत होतं. पुढे जे झालं ते न कळल्यामुळे झालं नाही.

थंडीत पहिली पंधरा मिनिटं आकडाच यायचा नाही. त्याचं कारण मालकाने सांगितलं. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून आम्ही शेडमध्ये जमिनीवर पाणी मारतो. तुझा पट्टापण कोरडा असेल, ओला कर की. पाण्यात बुडवून बांधला आणि आकडा लगेच आला. मेकॅनिक मी आणि खोट सापडली टॉवेलवाल्याला, हे त्याने पुढे महिनाभर गल्लीतल्या प्रत्येकाला ऐकवलं. फेब्रुवारीत वारं सुटलं तेव्हा माझा आकडा मधूनच दीडशेला टेकायला लागला. मी छडा लावला. अंगातला चकचकीत सदरा वाऱ्याने फडफडून पट्ट्यावर घासत होता आणि त्यातून बारीक वीज तयार होत होती. आत सुती गंजी घातली आणि ते बरंचसं थांबलं. पण पूर्ण थांबलं नाही. तिथे मी हुशारी केली.

कारखान्यात खोट मीटरमध्ये आहे की वायरमध्ये हे कळत नसलं की शेजारचा चांगला मीटर काढून तिथे लावून बघतात. मी टपरीवर तेच केलं. दोघांचे पट्टे काढले, डब्यांची अदलाबदल केली, घड्याळंही बदलली आणि तलावाच्या बांधापर्यंत एक चक्कर मारून आलो. माझ्या डबीत काही खोट नव्हती, पट्टाच झिजलेला होता. परत येऊन मी डब्या जागच्या जागी लावल्या, घड्याळं ज्याची त्याला दिली आणि पट्टे ओल्या टॉवेलवर ठेवून हात धुवायला गेलो.

तेवढ्यात चहा आला. मी बिनसाखरेचा सांगितला होता आणि टपरीवाल्याने साखर घातली होती. क्षुल्लक गोष्ट, पण माझं डोकं सटकलं. मी त्याला झापायला लागलो, कान आहेत का भोकं पडलीत, रोज सांगावं लागतं का वगैरे. मागून मालक म्हणाला, "डब्या लावल्या बघ परत जागेवर." मी त्याच्याकडे न बघता "हं" म्हटलं आणि टपरीवाल्याला झापत राहिलो.

मी आधीच लावल्या होत्या. त्याने पुन्हा बदलल्या. चिठ्ठी नव्हती.

बिचारा मदत करत होता. त्याला वाटलं, मीटरवाला भांडणात विसरलाय.

पुढच्या खेपेपासून माझा आकडा पिसाळला. एकशे वीस, सत्तर, एकशे बासष्ट, नव्वद. त्याला काही ताल नव्हता. मला मात्र काही होत नव्हतं, ना दम, ना घाम. घरी बायकोने आकडे पाहिले आणि तिचं तोंड पडलं. दुसऱ्याच दिवशी तिने मला डॉक्टरकडे नेलं. ईसीजीची पट्टी काढली, चोवीस तास छातीवर यंत्र लावून ठेवलं. डॉक्टर म्हणाला, तुम्ही ठणठणीत आहात, तुमचं यंत्र तपासा. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! जन्मभर मी हेच तर सांगत आलो होतो.

मग मी यंत्राच्या मागे हात धुऊन लागलो. नवा सेल घातला. नवा पट्टा मागवला आणि डबी त्यावर चढवली. दवाखान्यातून छातीला लावायची जेल आणली. पट्टा दोन बोटं वर, दोन बोटं खाली बांधून बघितला. एका गोष्टीने तर मी चक्रावून गेलो. मी मालकाला मागे टाकून पुढे गेलो की आकडा गायब व्हायचा, आणि थांबून त्याची वाट बघितली की परत यायचा. मी वहीत जागा लिहून ठेवायला लागलो, अमुक फाटा, तमुक पूल, वर विजेच्या मोठ्या तारा. तारांचाच दोष असणार, असं मी ठरवून टाकलं. दर वेळी मागे राहिलेला मालक पुन्हा शेजारी आला की आकडा येतो, हे त्याच वहीतून मला वाचता आलं असतं. मी तारा मोजत बसलो.

मालक हल्ली मागे राहायला लागला होता. पूर्वी चढावर तो मला चिडवत पुढे जायचा, आता उतरून सायकल ढकलायचा. कपाळावर घाम, ओठ पांढरे. आणि त्याचा आकडा? शहाण्णव. एकशे दोन. सगळ्यात वर गेला तो एकशे आठ. तो मनगट माझ्यापुढे धरून म्हणायचा, बघ कसं, मागावरच्या काठासारखं सरळ. मी म्हणायचो, मग नाटक कशाला करतोस, चल की. एवढ्या चढावर साठीच्या माणसाचे ठोके एकशे आठच्या वर जात नाहीत, हे फक्त गोळी खाणाऱ्याचंच होतं. गोळी कोण खात होतं? रोज सकाळी बायको माझ्याच हातावर गोळी ठेवत होती, आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मार्चच्या अखेरीला त्याच्या बायकोने मला दारात थांबवलं. मी त्यांना वहिनी म्हणतो. त्याला चक्कर येते, रात्री छातीत पाखरू फडफडल्यासारखं होतं म्हणतो, पण दवाखान्याचं नाव काढलं की चिडतो, असं त्या सांगत होत्या. भावोजी, तुम्ही तरी समजावा, नाहीतर तुम्हीच घेऊन जा त्यांना. मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"वहिनी, त्याचा आकडा मी रोज माझ्या डोळ्यांनी बघतो. त्याच्या हृदयाला काही झालेलं नाही. असतं तर सगळ्यात आधी मला कळलं असतं."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. मीटरवाल्याने सांगितलं म्हटल्यावर त्यांनी पुढे विचारलं नाही. त्यांनी मला आत बोलावून पोह्यांची बशी हातात दिली, आणि मी ती खाल्ली.

त्यानंतरच्या दोन-तीन फेऱ्यांत मालक स्वतःच्या घड्याळाकडे बघेनासा झाला. त्याऐवजी दर चढाच्या पायथ्याशी मला विचारायचा, "तुझं किती?" मी चिडून सांगायचो, एकशे पंचावन्न दाखवतंय भिकारडं. तो उतरायचा आणि सायकल हातात धरून चालायचा. थोड्या वेळाने पुन्हा, तुझं किती? शंभर म्हटलं की बसायचा. मला वाटलं, याला माझी काळजी वाटते. मी घरी बायकोला तसं सांगितलंसुद्धा, मित्र असावा तर असा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, आमची फेरी नव्हती त्या दिवशी, तो मागासमोर उभा असताना खाली बसला. तुटलेला धागा जोडत होता. कामगाराला वाटलं, खाली पडलेलं काही शोधतोय. तोंड वाकडं झालेलं दिसलं तेव्हा आरडाओरडा झाला. मी पोचेपर्यंत त्याला रिक्षात घातलं होतं. शेडमधले सगळे माग बंद केलेले, ती शांतता अजून माझ्या कानात आहे.

दवाखान्यात डॉक्टरने समजावून सांगितलं. हृदयाचा ताल बिघडला होता, त्यामुळे आत रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली. हे एका दिवसात होत नाही, म्हणाला, बरेच दिवस ठोके वेडेवाकडे पडत असणार. वेळेत कळलं असतं तर रक्त पातळ करायची गोळी देता आली असती. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का? वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा त्या नजरेत राग नव्हता, नुसता प्रश्न होता. मी नाही अशी मान हलवली. मला खरोखर काही माहीत नव्हतं.

त्याचा उजवा हात गेला, उजवा पाय फरपटत येतो. आणि मराठी गेली. घरात तेलुगू, शाळा तेलुगू, मराठी त्याने पुढे मागांवर आणि गल्लीत उचललेली. आधीची भाषा थोडी उरली आणि नंतरची पुसली गेली, असं होतं कधीकधी, डॉक्टर म्हणाला. तीस वर्षं ज्या भाषेत आम्ही एकमेकांना शिव्या घातल्या ती त्याच्या डोक्यातून नाहीशी झाली होती. मी बोलायला लागलो की तो माझ्या ओठांकडे बघायचा आणि त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. तेलुगूतही चार-पाचच शब्द नीट यायचे. नील्लु म्हणजे पाणी. वद्दु म्हणजे नको. आणि वहिनी गोळीची आठवण करायला लागल्या की वैतागून, तेलुसु, तेलुसु. माहीत आहे, माहीत आहे.

महिनाभराने मी एकदा एकटाच सायकल काढली. घरात बसून वेड लागायची पाळी आली होती. पट्टा ओला करून बांधला, घड्याळ लावलं. डबी सापडत नाही, असं घड्याळ सांगत राहिलं. विजेच्या तारा नव्हत्या, वारा नव्हता, सेल नवा होता. मी अर्ध्या वाटेतून शिव्या देत परत आलो.

दुसऱ्या दिवशी मालकाकडे गेलो तेव्हा वहिनी कपाट आवरत होत्या. त्यांनी त्याचा पट्टा माझ्या हातात दिला. आता यांना काय करायचाय, तुमचा बिघडलाय ना, हा घेऊन जा. घरी आलो. न्हाणीघरात जाऊन तो पट्टा पाण्याखाली धरला, छातीवर बांधला. माझं घड्याळ मनगटावरच होतं. त्याने एक क्षणही लावला नाही. चौसष्ट, पासष्ट, चौसष्ट.

मी स्टुलावर बसलो. टपरी आठवली, ओला टॉवेल आठवला, चहातली साखर आठवली. "डब्या लावल्या बघ परत जागेवर." सहा आठवडे माझ्या मनगटावर त्याचं हृदय धडपडत होतं आणि मी त्याला बिघडलेलं यंत्र समजून सेल बदलत होतो. त्याच्या मनगटावर माझं, गोळीने शांत केलेलं. ते दाखवून तो फुशारकी मारत होता, आणि तेच बघून मी वहिनींना शब्द दिला होता. फोनमध्ये सगळ्या फेऱ्यांच्या नोंदी होत्या. एकेक उघडून बघितली. रेघ वर जायची, खाली कोसळायची, मध्येच तुटायची. कुठल्याही डॉक्टरला दाखवली असती तर त्याने विचारलं असतं, हा माणूस कुठे आहे, ताबडतोब घेऊन या. बायकोने बाहेरून दार वाजवलं. मी नळ सोडून ठेवला आणि रडलो.

वहिनींना सांगायला मला आठ दिवस लागले. त्या शेडमध्ये टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. चार माग विकून झाले होते, उरलेले भाड्याने दिलेले. मी सुरुवातीपासून सगळं सांगितलं, डब्या, चिठ्ठी, चहा, काहीही वगळलं नाही. त्या घड्या घालत राहिल्या. मग हात थांबले.

"म्हणजे तुम्ही बघत होतात."

मी हो म्हणालो.

"आठवड्यातून तीनदा."

मी पुन्हा हो म्हणालो. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पायावर डोकं ठेवायला वाकलो तर त्या मागे सरकल्या. मी म्हटलं, मला त्याला हे सांगायचंय, तुम्ही तुमच्या भाषेत त्याला सांगा, मी इथेच उभा राहतो. त्यांनी हातातला टॉवेल घड्यांवर ठेवला.

"मी नाही सांगणार, भावोजी. ते तुमच्या तोंडून गेलं पाहिजे. शिका आणि सांगा."

मला वाटलं, रागात म्हणाल्या. पण पुढच्या रविवारी मी वही घेऊन गेलो आणि भीत भीत विचारलं, घड्याळाला काय म्हणतात? त्यांनी चूल पुसता पुसता सांगितलं, गडियारं. बस्स, तेव्हापासून तेच चाललं. ज्या वेळेला आम्ही सायकली काढायचो त्या वेळेला मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसतो. मालकाचा उजवा हात चोळून देतो, बोटं एकेक करून उघडतो, मिटतो. वहिनी येता-जाता शब्द देतात. जेवला का, झोपला का, केव्हा उठला, असले रोजचे आधी. मग हृदय. मग चूक. कुठलं वाक्य बनतंय ते त्यांना कळत होतं. 'माझी' कसं म्हणायचं हे विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून सावकाश सांगितलं, आणि मी चुकीचं लिहून घेतलं ते दुरुस्तही केलं. मालकाला माझं तेलुगू ऐकून हसू यायचं. अर्ध्याच तोंडाने हसायचा तो. ते बघून मला कसंतरी व्हायचं, कारण हे कशासाठी चाललंय ते त्याला माहीत नाही असं मला वाटत होतं.

पाच महिने गेले. वाक्य तयार होऊनही मी तीन रविवार तसाच परत आलो. चौथ्या रविवारी दोन्ही डब्या खिशात घालून गेलो. दोन्हींना चिठ्ठ्या लावल्या होत्या, माझी आणि त्याची. त्या त्याच्या मांडीवर ठेवल्या. त्याने डाव्या हाताने एक उचलली, चिठ्ठी बघितली, खाली ठेवली. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी वही उघडली नाही, पाठ होतं.

"नी गुंडे ना गडियारंलो कनिपिंचिंदि. तप्पु नादि."

तुझं हृदय माझ्या घड्याळात दिसत होतं. चूक माझी आहे.

तो माझ्याकडे बघत राहिला. हसला नाही. मग त्याने डावा हात माझ्या मनगटावर ठेवला, घड्याळावरच, आणि गोळीच्या वेळी म्हणतो तसं वैतागून नाही, अगदी हळू म्हणाला,

"तेलुसु."

मी वहिनींकडे पाहिलं. मी नाही सांगितलं, त्या म्हणाल्या, देवाशपथ, एक अक्षर नाही. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. म्हणजे त्यांनाही ते आत्ताच कळत होतं.

तुझं किती? चढाच्या पायथ्याशी घामाने निथळत तो मला विचारायचा. मी सांगितलेल्या आकड्यावर तो सायकलवरून उतरायचा आणि आकड्यावरच पुन्हा बसायचा. तो माझी काळजी करत नव्हता. तो त्याचा आकडा विचारत होता, आणि मी त्याला तो शिव्या घालत सांगत होतो. कळलं होतं तर बोलला का नाही? फेऱ्या बंद होतील म्हणून? माग सोडून दवाखान्यात पडायची भीती वाटली म्हणून? की मीटरवाल्याने एवढी मोठी चूक केली हे त्याला माझ्या तोंडावर म्हणवेना? की तसं काहीच नव्हतं, आणि या पाच महिन्यांत ओसरीवर बसून माझे शब्द जुळवता जुळवता त्याला उमगलं?

एवढं सगळं विचारायला एकच शब्द पुरतो. एप्पुडु. केव्हा. तो माझ्या वहीत तिसऱ्या पानावर आहे, वहिनींनी सगळ्यात आधी शिकवलेल्या शब्दांत, केव्हा जेवला, केव्हा उठला यासाठी. त्याचा हात माझ्या मनगटावर होता आणि तो माझ्याकडे बघत होता, विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

मी विचारलं नाही. त्याचा उजवा हात मांडीवर घेतला आणि बोटं उघडायला लागलो.